गाडी आहे का तुझ्याकडं?

कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानात गेले होते, प्रिंटरची शाई भरून घ्यायला. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म, असलं सगळं एकाच गाळ्यात चालतं तसलं दुकान. माझ्या पुढं एक मुलगी उभी होती, वीस-एकवीसची असेल, अंगावर इस्त्रीचा ड्रेस, हातात प्लॅस्टिकची फाईल. काचेवर 'कामाला मुलगी पाहिजे' अशी चिठ्ठी होती ती बघून आलेली. मालक माणूस चांगला वाटला, बोलण्यात कुठं तुसडेपणा नाही. टायपिंग येतं का विचारलं, मराठी-इंग्लिश दोन्ही येतंय म्हणाली. एक्सेल? येतंय. मग गाव विचारलं, तिनं गगनबावडा रोडवरचं सांगितलं, बालिंग्याच्या पुढचं. "गाडी आहे का तुझ्याकडं?" ती म्हणाली, "न्हाई, पण बसनं येतो की." मालक जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बसचा काय भरवसा न्हाई बघ बाळ. साडेनवाला मला दुकान उघडायचं असतंय, आणि रात्री आठला सुटल्यावर तू जाणार कशी? उद्या काय झालं तर माझ्यावर जोखीम." तिनं फाईल उघडलीच नाही. "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

एवढंच झालं. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. पण शाई भरून होईपर्यंत मी तिथं उभी होते आणि तिनं न उघडलेली ती फाईल काही डोक्यातून जाईना. त्यात मार्कशीट असेल, एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट असेल, टायपिंगच्या परीक्षेचं असेल, झेरॉक्स काढून, साक्षांकित वगैरे करून नीट लावलेलं. कुणी बघितलंच नाही. तिची परीक्षा एका प्रश्नात झाली आणि तो प्रश्न तिच्याबद्दल नव्हताच, तिच्या गावाला बस कधी येते आणि कधी येत नाही याबद्दल होता. त्या दिवसापासून मी जाहिराती बघायला लागले. पेपरातल्या छोट्या जाहिराती, व्हॉट्सॲपवर फिरणारे नोकरीचे मेसेज. 'स्वतःची टू-व्हीलर असणे आवश्यक.' मार्केटिंगच्या कामाला लिहिलं तर समजू शकते, पण दवाखान्यातल्या रिसेप्शनला, साडीच्या दुकानात काउंटरला, क्लासच्या ऑफिसला सुद्धा? दिवसभर एका जागी बसायच्या कामाला गाडी लागते ती फक्त तिथं पोचण्यासाठी. आणि ज्या पगारातून गाडीचा हप्ता भरायचा तो पगार मिळायला आधी दारात गाडी पाहिजे. हे गणित सोडवायचं कुणी, त्या पोरीनं?

मी स्वतः वर्षानुवर्षं गाडीच चालवली. मग डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं, आणि मी थांब्यावर येऊन उभी राहिले. फुलेवाडीहून शाहूपुरी, अंतर म्हणाल तर पाच-सहा किलोमीटर. गाडीवर होते तेव्हा हे अंतर म्हणजे काही वाटायचंच नाही, वाटेत भाजी घ्यायची, मेडिकलमध्ये थांबायचं, घरी. आता तेच अंतर सकाळचा आणि संध्याकाळचा एक मोठा तुकडा खाऊन टाकतं, आणि त्यातलं बस चालण्यात जातं ते थोडं, थांब्यावर उभं राहण्यात जातं ते जास्त. ऑफिसात एकदा हिशोबाला उशिरा पोचले तर साहेब म्हणाले, "मॅडम, जरा लवकर निघत जा." लवकर म्हणजे किती लवकर, हे मला कुणी सांगावं. बसची वेळ ठरलेली असती तर लवकर या शब्दाला काहीतरी अर्थ होता.

आमचा थांबा सांगते. वरचा पत्रा उन्हाळ्यात एवढा तापतो की खाली उभं राहण्यापेक्षा पलीकडच्या बंद दुकानाच्या फळीखाली बरं. बसायचा बाक म्हणजे दोन पाईप, त्यातला एक निसटलेला. वेळापत्रकाच्या पाटीवर वाढदिवसाचा फ्लेक्स, तो निघाला की त्याच्या जागी दुसरा. संध्याकाळी शेडमध्ये हातगाडी लागते, कांदा चिरल्याचा वास येतो, आणि आम्ही प्रवासी लोक रस्त्यावर उतरून उभे. माणसं मात्र रोजची. अंबाबाईला वेणी-गजरे घेऊन जाणाऱ्या एक आक्का, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाटी कमरेवर. लक्ष्मीपुरीत दुकानांत कामाला जाणाऱ्या तीन-चार पोरी. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, बीपीच्या गोळ्या आणायला जाणारे एक आजोबा, केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून खिशात. कॉलेजची पोरं. सगळ्यांची मान एकाच बाजूला वळलेली. बस दिसायच्या आधी तिचा आवाज ओळखू येतो, आक्का तर इंजिनच्या आवाजावरून सांगतात ही आपली महापालिकेची की एसटी. आणि मग ती वेळ येते जेव्हा मनात हिशोब चालू होतो, आता रिक्षा करावी का अजून पाच मिनिटं बघावं. रिक्षा केली आणि मागून बस आली तर पैसे गेले, थांबलो आणि नाही आली तर अर्धा दिवस गेला. हा हिशोब रोज करायचा. गाडीवाल्याला हे समजत नाही, मी गाडीवर होते तेव्हा मलाही यातलं काही दिसायचं नाही, थांबा नुसता बाजूनं निघून जायचा.

पावसाळ्यात एक गोष्ट दरवर्षी बघते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सगळं गाव पंचगंगेकडं डोळे लावून बसतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं हे तासातासाला मोबाईलवर येतं. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे शेंबड्या पोराला पाठ. 'आत्ता ४१ फूट ३ इंच', 'आत्ता ४१ फूट ५ इंच', कुठले बंधारे पाण्याखाली गेले, कुठला रस्ता बंद झाला, बालिंगा पुलावरनं गाड्या सोडतात की नाही, सगळं कळतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा पण बातमी मिनिटामिनिटाला मिळत होती. म्हणजे आपल्याला मोजता येतं, कळवता येतं, इंचापर्यंत कळवता येतं. मग थांब्यावरच्या बाईला पुढची बस किती वेळात आहे एवढं का कळवता येऊ नये? नदी कुणाच्या ताब्यात नाही तरी तिचा पत्ता लागतो. बस तर आपल्याच शहराची.

वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेऊन माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाड्या, नसतं तर आमचं काय झालं असतं माहीत नाही, त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. बस आली नाही की तोच आधार. पण वडाप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरलं म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवणार. सीटवर तिघींच्या जागेत चौघी, समोरच्या बाजूला ड्रायव्हरला चिकटून एक. तिथं बसायला मुलींना नको वाटतं, त्या 'मागची येऊ दे' म्हणून सोडून देतात आणि पुन्हा उशीर होतो. एकदा त्यातल्याच एका पोरीनं मला हळूच सांगितलं, "काकू तुम्ही पुढं बसा, मी मागं बसतो." मी बसले. तेव्हापासून मी असले तर पुढची जागा माझी, हे न बोलता ठरलेलं आहे. शिवाय वडाप असतं गर्दीच्या वेळेला, गर्दीच्या रस्त्याला. दुपारी दोनला, रात्री नवाला, आडवाटेच्या गावाला त्याचं काय काम? तिथं बसच पाहिजे, आणि तिथंच ती नसते.

लहानपणी आम्ही उत्तरेश्वर पेठेत राहायचो. वडील शाहू मिलमध्ये, सायकलनं जायचे, मिलचा भोंगा वाजला की आई चहा ठेवायची. बसमध्ये बसायचं म्हणजे कुठंतरी जायचं असायचं, टेंबलाईच्या जत्रेला नाहीतर मावशीकडं बावड्याला. आषाढात टेंबलाईला जाताना बसमध्ये सगळ्यांच्या हातात नैवेद्याचे डबे, भिजलेल्या छत्र्यांचं पाणी पायाखाली, डिझेलचा आणि आंबीलाचा एकत्र वास. कंडक्टर तिकिटाच्या पंचनं वरच्या दांडीवर टक टक वाजवत पुढं यायचे आणि मी वडिलांचा शर्ट ओढून तिकीट माझ्या हातात द्यायला लावायचे. पातळ कागद, गुलाबी नाहीतर पिवळा, त्याला पडलेलं छोटं भोक. बसमध्ये तेव्हा सगळे असायचे. मास्तर असायचे, वकील असायचे, मिलचे कामगार असायचे, शाहूपुरीतल्या पेढीवरचे दिवाणजी असायचे, धोतराचा सोगा सावरत चढणारे. आमच्या वर्गशिक्षिका याच बसनं यायच्या आणि शेजारी बसल्या तर मला पाढे विचारायच्या. आता मी बसमध्ये नजर टाकते तर बायका, शाळा-कॉलेजची पोरं, म्हातारी माणसं आणि बाहेरगावचे लोक. कमवता, चाळिशीचा, चार लोकांत ज्याचा शब्द चालतो असा माणूस मला क्वचित दिसतो. तो गाडीवर गेला. त्याच्यामागं त्याचा मुलगा गेला, मग सून गेली. थांब्यावर राहिले ते ज्यांना दुसरा उपाय नाही.

आणि बस आली म्हणून सुटलो असंही नाही. शहर आहे तेवढंच. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून हद्द तीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास माणसं होती त्यात, आणि भोवतालच्या गावांतून रोज येणारी वेगळी. गावठाणातले रस्ते बैलगाडीच्या काळातले, त्यांवर आता एमएच-०९ च्या दुचाक्या, शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या मोठ्या गाड्या, आणि हंगाम सुरू झाला की ऊस. आमच्या फुलेवाडी रोडला कुडित्र्याच्या साखर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर, एकाला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, गाण्यांचा आवाज छातीत धडधडेल एवढा. ते वळेपर्यंत सगळं बंद. एके दिवशी आमची बस गंगावेशीत अडकली. दूधकट्ट्याकडं म्हशी उभ्या, समोर टेम्पोतून पोती उतरायचं काम चाललेलं, डाव्या अंगाला एक मोटारसायकल हँडल लॉक करून रस्त्यातच लावलेली, मालकाचा पत्ता नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बंद केल्यावर खिडक्यांचा खडखडाट थांबला तेव्हा कळलं की आपण इतका वेळ किती मोठ्या आवाजात बसलो होतो. कंडक्टर खाली उतरले. साठीच्या जवळ आलेला माणूस, पैशाची पिशवी पोटाशी धरलेली. त्यांनी मोटारसायकलचं मागचं चाक दोन्ही हातांनी उचललं, एकदा सरकवली, पुन्हा उचलली, पुन्हा सरकवली. मग बसच्या पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या... येऊ द्या... बास!" करत गाडी टेम्पोच्या आरशाजवळून वीतभर अंतरानं काढून घेतली. वर आले तेव्हा तळहाताला काळं लागलेलं, कपाळावर घाम. रुमालाला हात पुसले आणि तिकिटं फाडायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "किती येळ लावताय!" ते काही बोलले नाहीत.

त्या कंडक्टरांशी नंतर एकदा बोलणं झालं, बस रिकामी होती आणि मी पुढच्या सीटवर होते. ड्रायव्हरसमोर गुलाल लागलेला जोतिबाचा फोटो, गियरच्या दांड्याला गुंडाळलेलं फडकं, आणि खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत कंडक्टरांनी स्वतः पुठ्ठा घडी करून बसवलेला. ते म्हणाले, "ताई, गाडी रोडवर बंद पडली की लोक आम्हालाच बोलतात. आमच्या हातात काय आहे?" मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की मला आधी का सुचलं नाही असं वाटलं. गाड्या जुन्या झाल्या की वर्कशॉपला जास्त, रस्त्यावर कमी. रस्त्यावर कमी म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर वाढलं. अंतर वाढलं की माणूस कंटाळतो, कर्ज काढतो पण स्वतःची गाडी घेतो. एकदा घेतली की परत येत नाही. मग तिकिटाचा गल्ला घटतो, गल्ला घटला की नव्या गाडीला आणि स्पेअर पार्टला पैसे नाहीत, आणि तोट्यात चाललेल्या फेऱ्या म्हणून पहिल्यांदा बंद होतात त्या लांबच्या आणि रात्रीच्या. म्हणजे त्या बालिंग्याच्या पुढच्या मुलीची. तीच फेरी सगळ्यात आधी कापली जाते कारण तिच्यात माणसं कमी, आणि माणसं कमी कारण फेरी कधी येईल सांगता येत नाही. त्यात हद्दवाढीचा विषय निघाला की शहराबाहेरच्या फेऱ्याही वादात ओढल्या जातात, गावं हद्दीत यायला नको म्हणतात मग बस कशाला पाहिजे, असं भांडण. भांडणारे दोन्हीकडचे चारचाकीतनं मीटिंगला येतात.

तोटा हा शब्द मला इथं पटत नाही. रस्त्याला तोटा कुणी विचारत नाही, दिव्याच्या खांबाला विचारत नाही, बागेला विचारत नाही. उड्डाणपुलाची मागणी होते तेव्हा तो फायद्यात चालेल का असं कुणी म्हणत नाही. केंद्र सरकारनं २००६ साली शहरी वाहतुकीचं धोरण आणलं त्यातलं मुख्य सूत्रच हे की विचार माणसं नेण्याचा करा, वाहनं नेण्याचा नको. साधी गोष्ट आहे. पन्नास माणसं एका बसमध्ये बसली तर दसरा चौकात सिग्नलला एक बस उभी राहते. तीच पन्नास माणसं गाड्या घेऊन आली तर अख्खा चौक भरतो, आणि मग आपण म्हणतो ट्रॅफिक वाढलं, रस्ता रुंद करा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पीएम ई-बस सेवा जाहीर झाली, देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बस, ३ लाख ते ४० लाख वस्तीच्या शहरांसाठी. यादीत कोल्हापूरचं नाव आल्याची बातमी मी थांब्यावर मोठ्यानं वाचून दाखवली होती. आजोबांनी विचारलं, "फुलेवाडीला किती?" बरोबर प्रश्न होता तो. बसा किती मंजूर झाल्या याची बातमी होते, आपल्या थांब्यावर कितीला येणार याची होत नाही. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं तर सीबीएसवर, मध्यवर्ती बसस्थानकावर, जाऊन बघा, कुठल्याही गाडीत बायकाच बायका, माहेरी, बाजाराला, दवाखान्याला, नुसतं देवाला. बायकांना कुठं जायचं नसतं असं नाही. जाता येत नव्हतं. पण स्वस्त तिकिटाचा उपयोग गाडी आली तर.

बस दसरा चौकातून जाते तेव्हा मी उजवी-डावीकडं बघते. महाराजांचा पुतळा, आणि आजूबाजूला बोर्डिंगं. ज्या काळात खेड्यातल्या पोराला शिकायला कोल्हापुरात येऊन राहणं परवडत नव्हतं त्या काळात शाहू महाराजांनी त्याच्या राहण्याची सोय केली, १९०१ पासून एकेक वसतिगृह उभं राहत गेलं, सगळ्या जातीधर्मांच्या पोरांसाठी. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत. त्याच्या आधी, १८९१ ला मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आलेली, १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली. रेल्वेच्या शेजारी पेठ, पेठेत माल, मालामागं माणूस. शाहू महाराजांना एक गोष्ट पक्की कळली होती की हुशारी गावात असते आणि संधी शहरात, मधलं अंतर राज्यानं मिटवायचं असतं. शंभर वर्षं होऊन गेली. आता अंतर उरलंय दहा-बारा किलोमीटरचं. आणि दोन भाषांतलं टायपिंग येणारी पोरगी तेवढ्यासाठी परत जाते, याच शहरातून. मला हे फार लागतं.

कोल्हापूरला भांडता येत नाही असं तर कुणी म्हणू शकणार नाही.

शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध आंदोलन झालं तेव्हा मी बघितलंय. ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील सर उन्हात मोर्च्यात पुढं, मागं पेठापेठांतले तालमीचे पैलवान, रिक्षावाले, व्यापारी, भाजीवाल्या बायका, घराघरांतनं माणूस बाहेर पडलेला. शेवटी टोल घालवला. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी वकिलांनी चाळीस वर्षांच्या वर लढा दिला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सीपीआरसमोर सुरू झालं, त्या दिवशी पेढे वाटले, मी पण खाल्ले. सहा जिल्ह्यांची माणसं आता त्या रस्त्याला येतात, आनंदच आहे, पण ती येणार कशानं आणि त्यांच्या गाड्या लागणार कुठं हे कुणाच्या भाषणात आलं नाही. काळम्मावाडी धरणातनं पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनसाठी किती वर्षं आंदोलनं झाली. म्हणजे पाणी आपलं, न्याय आपला, रस्ता आपला, यासाठी हे गाव उठतं. बससाठी मी आयुष्यात एक मोठा मोर्चा बघितला नाही. याचा मी खूप विचार केलाय. मला वाटतं टोल प्रत्येक गाडीवाल्याला लागत होता म्हणून तो सगळ्यांचा झाला. बसचा त्रास ज्याला होतो तो माणूस आधी थांब्यावरून सुटायची खटपट करतो. मुलगा नोकरीला लागला की पहिली गाडी. गाडी आली की तो सुटला, आणि थांब्याचा त्रास त्याच्यापुरता संपला. ज्याचा आवाज मोठा तो आधी सुटतो. मागं उरतात आक्का, ते आजोबा, लक्ष्मीपुरीच्या पोरी. यांना मोर्च्याला यायला पण बसनंच यावं लागणार.

रात्री आठ-साडेआठला महाद्वार रोडवर उभं राहून बघा. साड्यांच्या दुकानांचे दिवे अजून चालू असतात, आत घड्या घालायचं काम उरलेलं असतं, आणि काउंटरवरच्या पोरींचं लक्ष घड्याळाकडं. शेवटची गाडी गेली तर घरी फोन. भाऊ येतो न्यायला. भाऊ दिवसभर गोकुळ शिरगावला एमआयडीसीत मशीनवर उभा राहून आलेला असतो, पुन्हा गाडी काढतो, वैतागतो, दोन शब्द बोलतो. ती गप्प मागं बसते. चार-सहा महिन्यांनी घरात विषय निघतो, एवढी ओढाताण कशाला, सोड ती नोकरी. या पोरींनी नोकरी सोडली की सगळे म्हणतात लग्न ठरलं असेल, घरचे नको म्हणाले असतील. बस नव्हती म्हणून सोडली असं कुठं लिहिलं जात नाही. आमच्या थांब्यावरची एक अशीच यायची बंद झाली. शिवणाच्या साहित्याच्या दुकानात होती, गोटा-लेस-बटणं यांचे भाव तोंडपाठ, मला एकदा ब्लाऊजची बटणं जुळवून आणून दिलेली. बाकीच्यांना विचारलं तर म्हणाल्या, तिच्या भावाला नाईट शिफ्ट लागली.

राजारामपुरीतल्या त्या दुकानात आता एक मुलगा आहे. हेल्मेट काउंटरखाली ठेवतो. चांगलं काम करतो, माझं त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. ती मुलगी मला पुन्हा दिसलेली नाही. तिकडच्या गाडीतनं उतरणाऱ्या पोरींकडं मी अजून बघते.

मागच्या आठवड्यात बस आलीच नाही त्या सकाळी थांब्यावर बोलता बोलता विषय निघाला. आक्का म्हणाल्या, "तू हिशोबाची बाई हाईस, कागुद लिव की." मी लिहिला. फार मोठा नाही, दोन पानं. फुलेवाडीपासून प्रत्येक थांब्यावर वेळापत्रक लावा आणि त्याच्यावर फ्लेक्स लावणाऱ्यावर कारवाई करा. गाडी रद्द झाली तर पूर येतो तेव्हा जसं कळवता तसं मोबाईलवर कळवा. गगनबावडा रोडची शेवटची गाडी दुकानं बंद व्हायच्या आधी सोडू नका, ती साडेनऊला महापालिकेसमोरून सुटू दे. नव्या बस आल्या की पहिल्यांदा ज्या गावांच्या फेऱ्या कापल्या तिथं द्या. आणि जुन्या कंडक्टर-ड्रायव्हरना विचारून मार्ग ठरवा, त्यांना रस्ता माहीत आहे. आजोबांनी पहिली सही केली, केसपेपरच्या पिशवीचा आधार घेऊन. आक्कांनी अंगठा नको म्हणून हळूहळू अक्षरं काढली, बोटाला अबोलीचा रंग लागलेला, तो कागदावर उठला. पोरींनी आपापल्या दुकानांतनं सह्या आणायचं कबूल केलंय. सोमवारी सकाळी नवापासून मी फुलेवाडी नाक्याच्या थांब्यावर कागद घेऊन असणार आहे, त्या बाजूला राहणाऱ्यांनी यावं. गाडीवरनं आलात तरी चालेल, थांबून सही करून जा.